उसातलं घर

आईच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा मी पहिल्यांदा पाहिला तो गेल्या दिवाळीनंतर, निमगाव सावाच्या आमच्या शेतात. सकाळची वेळ होती, ऊन चांगलं वर आलं होतं. आई मेंढरांसाठी घास कापायला निघाली होती. उंबऱ्यात उभं राहून तिनं खुंटीवरून रेक्झिनचा जाड पट्टा काढला आणि गळ्याभोवती आवळला. पट्ट्यातून बोटाच्या पेराएवढे खिळे बाहेर आले होते.

असे पट्टे मी लहानपणी आमच्या कुत्र्यांच्या गळ्यात पाहिलेले. मेंढरांमागं हिंडणाऱ्या कुत्र्याची मान जनावराच्या तोंडात सापडू नये म्हणून माझे वडील ते घरीच करायचे. माणसाच्या गळ्यात तो पाहायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं. आई पट्ट्यावरून पदर घेत होती आणि पदर खिळ्यांत अडकत होता. मी सोडवायला पुढं झाले. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही, लाज वाटल्यासारखी मान फिरवली आणि विळा घेऊन निघून गेली.

आमच्याकडं बिबट्याला वाघच म्हणतात. तो पूर्वीही होता, पण डोंगराकडं. कालव्याचं पाणी आलं, ऊस आला आणि वाघ उसात राहायला आला. आता उसात जन्मलेल्या वाघांना डोंगर ठाऊक नाही म्हणतात. आमचं घर रानात आहे, वस्तीपासून बाजूला. घराच्या तिन्ही बाजूंना ऊस, तोही काही आमचा, काही शेजाऱ्यांचा. चौथ्या बाजूनं बैलगाडी जाईल एवढी वाट, तिच्याही दोन्ही अंगांना ऊस. पावसाळ्यानंतर तो माणसाच्या दीडपट उंच होतो, आणि अंगणात उभं राहिलं की आभाळाशिवाय काही दिसत नाही.

त्या दिवाळीच्या आधी शेजारची काकू गेली होती. भर दुपारी, कांद्याच्या रोपातलं गवत काढताना. ती वाकलेली होती आणि वाकलेलं माणूस वाघाला जनावरासारखं दिसतं, असं नंतर वनखात्याच्या माणसानं सगळ्यांना सांगितलं. तिची सून हाकेच्या अंतरावर होती. तिनं मागं वळून पाहिलं तर खुरपं आणि एक चप्पल तेवढी जागेवर होती. या काकूनं मला शाळेत असताना वेण्या घालून दिल्या होत्या. तेव्हापासून आमच्या भागातल्या बायका शेतात जाताना पट्टा घालायला लागल्या, आणि खाली बसायचं काम उभ्यानं करायला लागल्या.

मी छापचित्रं करते. लाकडाच्या फळीवर चित्र कोरायचं, त्यावर रोलरनं शाई फिरवायची, वर कागद ठेवून चमच्याच्या पाठीनं घासायचं, की कागदावर चित्र उलटं उमटतं. जेवढं कोरलं तेवढं पांढरं राहतं, न कोरलेलं सगळं काळं येतं. पोटासाठी कळंबला एका शाळेत चित्रकला शिकवते. तिथंच हायवेपासून जवळ एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहते. लग्न झालं होतं, टिकलं नाही. आई दादाकडं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाकडं, शेतावर असते. वडील गेले तेव्हा दादानं कळप विकायचा म्हटलं होतं. आईनं थोड्या मेंढ्या ठेवून घेतल्या. आम्ही धनगर, पण कळपामागं फिरणारी आई ही आमच्या घरातली शेवटचीच.

त्या हिवाळ्यात मी शेतावर राहायला गेले त्याला कारण एक पाहुणी होती. पुण्यात ज्या कॉलेजात मी शिकले तिथं तिची काही दिवसांची कार्यशाळा होती. अमेरिकेतल्या नवाहो आदिवासींपैकी ती, माझ्या आईहून थोडी लहान असेल. बांधा तसाच बुटका आणि मजबूत. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या आणि नखांत कायमची बसलेली काळी शाई. ती पण लाकडावरच कोरायची. तिचं इंग्रजी मला निम्मंअर्धं समजायचं, बाकीचं आमचे सर मराठीत सांगायचे.

तिनं आपली चित्रं टेबलांवर मांडली तेव्हा मी एका चित्रापाशी थांबले ती हललेच नाही. उघडं, कोरडं माळरान. त्यावर मेंढ्या. मागं मातीनं लिंपलेलं, घुमटासारखं एक घर. ती म्हणाली, आमच्याकडं घराचं दार पूर्वेला असतं, सकाळचं पहिलं ऊन आत यावं म्हणून. मूल जन्मलं की त्याची नाळ मेंढरांच्या वाड्यात पुरतात, म्हणजे ते कुठंही गेलं तरी परत येतं. मी सरांना म्हटलं, आमच्याकडंही नाळ पुरतात. सरांनी तिला सांगितलं तेव्हा तिनं माझा हात धरून चित्राच्या एका कोपऱ्यावर टेकवला. तिथं वाडा होता. "ही माझी," ती म्हणाली.

मग तिनं दुसरं चित्र दाखवलं. त्यात दगडी भिंतींचं घर होतं, पण भिंतींचे दगड तिनं इतके बारीक कोरले होते की घर थरथरत असल्यासारखं दिसत होतं. ते तिच्या आजीचं घर. त्यांच्या डोंगरात पूर्वी युरेनियमच्या खाणी होत्या. खाणी बंद झाल्या, माणसं निघून गेली, दगड पडून राहिले. चांगले चौकोनी दगड होते. आजोबांनी ते आणून घर बांधलं. त्या घरात तिची आई वाढली, ती स्वतः वाढली, हिवाळ्यात भिंतीला पाठ टेकून बसली. पुष्कळ वर्षांनी दगडांतली विषारी किरणं मोजायचं यंत्र घेतलेली माणसं आली. यंत्र भिंतीजवळ नेलं की ते कटकट वाजायचं. त्यांनी घर पाडलं, दगड पिशव्यांत भरून नेले, खालची मातीसुद्धा खरवडून नेली.

"आम्हाला लहानपणी बाहेरच्या अंधाराची भीती घालायचे," ती म्हणाली. "भ्यायला पाहिजे होतं ते आमच्या पाठीशी होतं."

मी विचारलं, मग आजीनं काय केलं. तिला गावाजवळ नवं घर दिलं, ती म्हणाली. पण ती रोज मेंढ्या घेऊन जुन्या जागेवर जायची आणि तिथं बसायची. घरच्यांना भीती वाटायची. आजीला वाटत नव्हती का, असं मी विचारलं.

"वाटायची. तरी जायची."

कार्यशाळेच्या शेवटी तिनं आम्हाला सांगितलं, आपापल्या घराचं एक चित्र करा, उन्हाळ्यात इथं प्रदर्शन लावतील त्यात मी पण एक पाठवीन. माझ्या फळीवर काय येणार हे मला ठाऊक होतं. मी तिला कच्चं रेखाटन दाखवलं. आमचं पत्र्याचं घर, आणि भोवती ऊस. ऊस जवळजवळ सगळ्या कागदावर होता, घर आगपेटीएवढं. तिनं त्या काळ्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, यात कोण आहे. मी वाघाचं सांगितलं. तिनं कागद माझ्या हातात परत दिला आणि म्हणाली, "घरी जाऊन कोर. इथं बसून नको."

म्हणून मी शाळेतून रजा घेऊन शेतावर गेले.

भीती रोजची झाली की तिची एक शिस्त होते, हे मला तिथं राहून कळलं. आमच्या घरी सगळं उजेडात उरकायचं. दिवस कलला की मेंढरं आत, कोंबड्या आत, माणसं आत. संडास घरापासून थोडा दूर होता, तिथं जाताना वहिनी ताट वाजवत जायची आणि दादा दारात बॅटरी घेऊन उभा राहायचा. शेताला पाणी द्यायला जाणारा माणूस मोबाईलवर मोठ्यांदा भजनं लावून जायचा. कोणी कोणाच्या पाठीमागून यायचं नाही, आधी हाक द्यायची. मेंढरांच्या वाड्याला दादानं वरूनसुद्धा लोखंडी जाळी मारली होती, आणि तीच जाळी मग घराच्या ओसरीलाही लावली. मी त्या जाळीच्या आत बसून फळी कोरायचे. बाहेर वारा आला की ऊस सळसळायचा. वारा नसताना सळसळला की हातातली कोरणी थांबायची. अंगणातली आमची कुत्री कान टवकारायची आणि मी तिच्याकडं बघायचे. ती परत डोकं खाली टेकवेपर्यंत मला कोरता यायचं नाही.

मग ऊसतोड सुरू झाली. आमच्या पलीकडच्या शेतातला ऊस कारखान्याला गेला. तोडलेल्या शेतात चारा चांगला असतो, उसाच्या शेंड्यांची हिरवी वाढी पडलेली असतात, आणि लांबवर दिसतं, म्हणून आई मेंढरं तिकडं न्यायला लागली. मला वाटलं होतं, ऊस कमी झाला तर भीती कमी होईल. दादा म्हणाला, तसं नसतं. एक रान तोडलं की तो शेजारच्या रानात येतो. आता उभा ऊस राहिला होता तो आमचाच.

त्या दिवशी दिवस मावळायला अजून अवकाश होता. मी ओसरीत बसले होते. वहिनी मागं भांडी घासत होती, दादा टेम्पो घेऊन मार्केटला गेला होता. आईबरोबर गेलेली कुत्री भुंकायला लागली. ती तशी सारखीच भुंकायची, म्हणून मी लक्ष दिलं नाही. मग ती एकदम गप्प झाली, आणि ते गप्प होणं मला ऐकू आलं. मी जाळीचं दार उघडून पळत सुटले. पायात चप्पल नव्हती, हातात कोरणी तशीच होती.

तोडलेल्या शेतात मेंढरं एका बाजूला घट्ट गोळा झाली होती. कुत्री त्यांच्या मागं पोटावर सरपटत होती. आणि आमच्या उसाच्या कडेला आई होती. एक मेंढी अर्धी उसात होती आणि तिचे मागचे दोन्ही पाय आईनं धरले होते. आई पाय रोवून मागं ओढत होती, उसातून कोणीतरी आत ओढत होतं. आवाज कसलाच नव्हता. आई ओरडत नव्हती, मेंढी ओरडत नव्हती. फक्त उसाची पाती हलत होती.

मी जाऊन आईच्या कमरेला मिठी मारली आणि मागं ओढायला लागले. मी एवढंच म्हणत होते, सोड, आई, सोड. तेही मनातल्या मनात म्हणत होते की मोठ्यानं, मला माहीत नाही. तेव्हा पाती बाजूला झाली आणि मला त्याचं तोंड दिसलं. मेंढीच्या मानेवर टेकलेलं, दादाच्या टेम्पोच्या बोनेटच्या लांबीइतक्या अंतरावर. त्याला राग आलेला नव्हता. तो आमच्याकडं असा बघत होता, जणू आम्हीच त्याच्या घरात आलो होतो. मग त्यानं तोंड उघडलं, मेंढी सोडली आणि मागं गेला. एवढं मोठं जनावर आत गेलं पण एक पान वाजलं नाही.

मेंढी मेली होती. आईनं तिचे पाय सोडले नाहीत. वहिनी ताट बडवत आली, शेजारची माणसं काठ्या घेऊन आली, तरी आईची बोटं उघडेनात. मी एकेक बोट सोडवलं.

वनखात्याची माणसं आली, ठशांचे फोटो काढले, पिंजरा लावतो म्हणाली. ठशांवरून ती मादी आहे आणि बहुतेक पिल्लं आहेत असं त्यांच्यातल्या एकानं सांगितलं. आई ते ऐकत उभी होती. त्यानंतर ती घरात गेली ती बाहेर येईना. दिवसासुद्धा दार लावून बसायची. मेंढरं वाड्यात ओरडत असायची, वहिनी त्यांना चारा टाकायची. आईला विचारलं तर म्हणायची, जाते उद्या. बोलणंच कमी झालं तिचं. एकदा मी पाहिलं, ती खुंटीवरचा पट्टा काढून हातात घेऊन बसली होती आणि खिळ्यांच्या टोकांवरून अंगठा फिरवत होती.

मी तिला कळंबला घेऊन आले. दादाही तेच म्हणाला, थोडे दिवस ने तिला, मोकळी होईल.

कळंबला ती मोकळी झाली नाही. दुसरा मजला, लोखंडी दार, खिडक्यांना गज, तरी ती दिवस कलला की उठून एकेक खिडकी लावायची. हायवेवर ट्रकचा ब्रेक लागला की दचकायची. मी एकदा म्हटलं, आई, इथं कुठून येईल तो.

"येतो कुठनं ते दिसतं व्हय," ती म्हणाली.

तेव्हा मला त्या पाहुणीच्या घराच्या भिंती आठवल्या.

ती सारखी गप्प बसते म्हणून मी काहीबाही विचारत राहायचे. असंच एका दुपारी विचारलं, माझी नाळ कुठं पुरली. मला वाटलं होतं, आमच्या शेतात, जुन्या वाड्यात. आईनं माझ्याकडं पाहिलं आणि त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा तिचा चेहरा जरा सैल झाला.

"घरी न्हाई पुरली. तू वाटंवर झाली. मढाला."

दिवाळीनंतर कळप घेऊन ते माळशेजवरून कोकणात उतरायचे. त्या वर्षी घाटाआधीच्या मढ गावाच्या अलीकडं तिचे दिवस भरले. वडील पुढं मेंढरांबरोबर होते. रस्त्याकडेच्या भाताच्या शेतात एक डोंगरातली बाई पेंढा गोळा करत होती. तिनं आईला बांधाच्या आडोशाला नेलं, घोंगडं धरलं, गरम पाणी आणलं, आणि नाळ त्याच बांधात पुरली. आई चार दिवस त्यांच्या ओसरीत राहिली आणि मग मला पाठीला बांधून कळपामागं गेली. हे सगळं ती सांगत होती तेव्हा तिचा आवाज पहिल्यासारखा होता.

"तुला भीती नाही वाटली? उघड्यावर?"

"तवा नव्हतं वाटत. उघड्यावर समदं दिसतं."

पुढच्या रविवारी मी तिला मढला घेऊन गेले. आळेफाट्यावरून कल्याणची एसटी मिळाली. आई खिडकीशी बसली होती. डोंगर दिसायला लागले तशी ती ओळखीच्या जागा दाखवायला लागली, इथं पाणी असायचं, इथं एक मेंढा हरवला होता.

रस्ता रुंद झाला होता. आईनं सांगितलेली खूण, एक उंबर, तो तोडला गेला होता. आम्ही दोन घरी विचारलं. तिसऱ्या घरी ओसरीत एक म्हातारी नाचणी पाखडत बसली होती. आईनं सांगायला सुरुवात केली, एक धनगरीण पूर्वी हितं बाळंत झाली व्हती, आणि म्हातारीनं सूप खाली ठेवलं. ती माझ्याकडं बघून आईला म्हणाली, "ही व्हय ती?" तिनं माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं फिरवलं. मी पन्नाशीला टेकायला आले आहे, तरी मला त्या क्षणी काय करावं सुचेना.

बांध मात्र सापडला नाही. म्हातारीच्या मुलानं जेसीबी लावून शेतं सपाट केली होती, तीन बांधांचा एक झाला होता. म्हातारी काठी टेकत आमच्याबरोबर आली आणि म्हणाली, असंल हितंच कुठंतरी. कापलेल्या भाताची खुंटं होती, त्यात बगळे फिरत होते. आई उभी राहून लांबवर बघत होती.

परत ओसरीत येऊन आम्ही भाकरी खाल्ली. आईनं वाघाचं सांगितलं. म्हातारी म्हणाली, त्यांच्याकडंही आहे, मागल्या पावसात वासरू नेलं. मी विचारलं, आजी, भ्या वाटतं का.

"वाटतं की. लई वाटतं. मग काय, घर उचलून न्यावं?"

तिनं हे हसून म्हटलं नाही, आणि धीर द्यायला पण म्हटलं नाही. थोड्या वेळानं पाहिलं तर आई भिंतीला टेकून झोपली होती. तोंड उघडं, दोन्ही हात मांडीवर पसरलेले. मेंढी गेली त्या दिवसापासून मी तिला अशी झोपलेली पाहिली नव्हती. एसटीची वेळ होत होती, तरी मला उठवायचं धाडस झालं नाही. म्हातारीनंही खुणेनं असू दे म्हटलं.

त्यामुळं उशीर झाला. उठल्यावर आई म्हणाली, आता कळंबला नको, घरी जाऊ, मेंढरं किती दिवस कोंडायची. मी वाद घातला. ती ऐकेना. आळेफाट्याला पोचलो तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. माणसं भरून नेणारी वडापची जीप मिळाली, तिनं आमच्या वाटेच्या तोंडाशी सोडलं आणि ती गेली. दादाचा फोन लागत नव्हता. वहिनीला लावला, ती म्हणाली थांबा तिथंच, ते आले की पाठवते. पण तिथं थांबायला काही नव्हतं. चहाची टपरी बंद, रस्त्याला कोणी नाही, आणि आभाळात उजेड उरला होता तो कमी होत होता. थांबलं तर अंधारात जावं लागणार. आईचा पट्टा घरी खुंटीला होता.

"चल," आई म्हणाली. "मागं बघू नको."

मी पिशवीतला जेवणाचा डबा काढला आणि कळंबच्या घराच्या किल्लीनं तो वाजवायला लागले. वाट मला पाठ आहे. लहानपणी मी तिच्यावरून डोळे मिटून चालले आहे. त्या संध्याकाळी तिची लांबी मला कळेना. दोन्ही बाजूंना ऊस, मधे आभाळाची एक पट्टी. अर्ध्यात आलो असू तेव्हा डाव्या बाजूला उसात काहीतरी हललं. आम्ही थांबलो, तेही थांबलं. आम्ही चाललो, तेही आमच्याबरोबर चालायला लागलं. रानडुक्कर असेल. कुत्रं असेल. मला तेव्हाही हे सुचत होतं, पण पायांना पटत नव्हतं. माझ्या हातातून किल्ली पडली. ती उचलायला मी वाकणार तेवढ्यात आईनं माझा दंड असा धरला की दुसऱ्या दिवशी वळ दिसत होते.

"वाकू नको."

किल्ली तिथंच राहिली. आई माझ्या आणि उसाच्या मधे आली, आणि तिनं मेंढरांना हाक घातली. कळप पांगला की घालायची ती लांब, घशातून येणारी हाक. पहिली हाक थरथरली. दुसरी मोठी झाली. तिसऱ्या हाकेला पुढून उत्तर आलं. आधी एक मेंढी, मग सगळी. वाड्यातून ती एकसारखी ओरडायला लागली, कुत्री भुंकायला लागली, आणि वहिनीनं अंगणातला मोठा दिवा लावला. उसाच्या शेंड्यांवर उजेड आला. आई हाका घालत चालत राहिली. डावीकडचा आवाज कधी थांबला ते मला कळलं नाही. घराच्या उजेडात पोचल्यावर मी पाहिलं, आईचं लुगडं घामानं पाठीला चिकटलं होतं. ती सरळ वाड्यात गेली आणि तिथंच, मेंढरांच्या मधे, खाली बसली. मला वाटलं ती रडेल. ती वहिनीला म्हणाली, यांची हाडं दिसाया लागली, चारा देत व्हतीस का न्हाई.

माघात पिंजऱ्यात एक मादी सापडली. गावातून लोक बघायला आले, मुलांना खांद्यावर घेऊन. मीही गेले. ती पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंग चोरून बसली होती आणि गजांना धडक देऊन तिचं कपाळ सोललं होतं. तीच का, ते मला सांगता येईना. आई आलीच नाही. मादीला गाडीतून नेलं, आणि काही दिवसांनी कालव्याच्या ओल्या मातीत नवे ठसे दिसले.

चित्र मी उन्हाळ्यापर्यंत पुरं केलं. आधीची फळी टाकून दिली. नवीत घर नाही. दोन्ही बाजूंचा ऊस आणि मधली वाट आहे, वाटेवर दोन बायका आहेत, पुढची हाक घालते आहे. आईला पहिला छाप दाखवला. तिनं ओल्या शाईला बोट न लावता वरून फिरवलं आणि म्हणाली, "आमच्या भवतीनं एवढं काळं नको ठिवू." मी फळी परत घेतली आणि दोघींच्या भोवतीचं थोडं आणखी कोरून काढलं. फार काढता येत नाही, ऊस तेवढा होताच. त्या पाहुणीचंही चित्र प्रदर्शनात आलं होतं. तिनं या वेळी पाडलेल्या घराची नुसती जागा कोरली होती, वर आभाळ आणि खाली बसलेली एक म्हातारी.

मी कळंबलाच असते. आई शेतावर आहे. आता ती शेजारच्या दोन बायकांना बरोबर घेतल्याशिवाय मेंढरं सोडत नाही, आणि उभ्या उसाच्या कडेला जात नाही. दिवेलागणीला मी रोज फोन लावते. ती उचलते, म्हणते, आली समदी आत, आणि ठेवते. ते ऐकल्यावर मी स्वयंपाकाला लागते.

परवा तिनं फोन उचलला नाही. दुसऱ्यांदाही नाही. दादाचा बंद, वहिनीचा लागत नव्हता. मी खिडकीशी उभी राहून लावत राहिले. बाहेर हायवेवरच्या गाड्यांचे दिवे लागत होते. बऱ्याच वेळानं आईनं उचलला तेव्हा ती धापा टाकत होती.

"मेंढी व्यायलीया. हात भरल्यात माझं. ठेव," ती म्हणाली, आणि तिनं ठेवला.

फोन हातात धरून मी खिडकीच्या गजाला टेकून उभी राहिले. मग खिडकी लावली आणि स्वयंपाकाला लागले.